चामड्यावर पुढे आलेली बँजोची पट्टी कापावी का?

खानापूरवासी: पलटणीच्या बँडमध्ये असलेल्या आजोबांचा जुना बँजो आमच्या माळ्यावर सापडला. दांडी आखूड, चामड्याचा घेर साडेबारा इंच व्यासाचा, चार खुंट्या माथ्यावर आणि पाचवी दांडीच्या बाजूला. पडद्यांची पट्टी मात्र घेराच्या कडेपाशी न थांबता फाटक्या चामड्यावर दोन-तीन इंच पुढे आली आहे. सुतारमामांच्या मते ती मागाहून जोडलेली असून, नवे चामडे मढवायचे तर कापावीच लागेल. काय करावे?

निपाणीकर: आपल्या भागात बँजो म्हटले की गणपतीच्या मिरवणुकीतला कळांचा बँजो डोळ्यांसमोर येतो, पण तो १९१२ साली जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताईशोगोतोच्या कुळातला, त्याला चामडे नसतेच. तुमचे वाद्य अमेरिकी वळणाचे दिसते.

तंतुप्रेमी, मिरज: पट्टी कृपा करून कापू नका. फिलाडेल्फियाच्या एस. एस. स्ट्युअर्ट यांनी १८८५ च्या सुमारास 'बँजोरीन' नावाचा असाच मोठ्या घेराचा, आखूड दांडीचा बँजो काढला. बँजोवृंदात मुख्य चाल वाजवता यावी म्हणून तो नेहमीच्या बँजोपेक्षा उंच, म्हणजे सा ऐवजी म वर, लावत. आणि आखूड दांडीवर वरचे पडदे मावत नसल्यामुळे पट्टी चामड्याला न टेकता त्यावर अधांतरी पुढे नेलेली असे. इतरांनीही ही घडण उचलली, त्यामुळे वाद्य स्ट्युअर्ट यांचेच आहे असे लगेच मानू नका. घेराच्या आतून जाणाऱ्या लाकडी दांड्यावर शिक्का किंवा क्रमांक आहे का, ते पाहा.

चामड्यासाठी पट्टीला हात लावण्याची गरजच नाही. तारा उतरवून घेराच्या आतली पकड सैल केली की दांडी आतल्या दांड्यासकट बाहेर येते. मग तबला मढवणाऱ्याकडून बकऱ्याचे पातळ कातडे चढवून घ्या, तेही दिवाळीनंतर, कारण आपल्या पावसाळी हवेत चामडे सैल पडते. पोलादी तारा मात्र लावू नका. ही वाद्ये आतड्याच्या तारांसाठी घडवलेली असत. पोलादाच्या ताणाने दांडी वाकते. नायलॉनच्या तारा लावा.

खानापूरवासी: दांडी काढून पाहिली. माथ्यापासून टोकापर्यंत पट्टी एकाच काळ्या लाकडाची आहे, कुठेही सांधा नाही. सुतारमामांनाही ते पटले. दांड्यावर अर्धवट पुसलेले आकडे आहेत. उजेडात वाचून इथे लिहितो.