सत्तरीनंतरचं मरण मोजायचंच नाही का?

पडवी
संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये ३.४ क्रमांकाचं लक्ष्य आहे: हृदयविकार, कर्करोग, मधुमेह अशा आजारांनी होणारे अकाली मृत्यू २०३० पर्यंत एक तृतीयांशाने कमी करायचे. छान. पण 'अकाली' कशाला म्हणायचं? मोजतात ते ३० ते ७० वयातले मृत्यू. एकाहत्तराव्या वर्षी रक्तदाबाची गोळी मिळाली नाही म्हणून कुणी पक्षाघाताने गेलं, तर त्या आकड्यावर ओरखडासुद्धा उठत नाही. अनेक गरीब देश ज्या घरोघरच्या आरोग्य पाहण्यांवर विसंबतात, त्यांत बायकांना प्रश्न विचारतात तेही १५ ते ४९ वयापर्यंतच. म्हणजे पन्नाशीची बाई आजारी आहे की धडधाकट, हे सरकारला कळणार कसं?

आणि जागतिक आरोग्य संघटनेच्याच अंदाजाने २०५० पर्यंत साठीपुढचे ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत असतील.

या देशांतली सरकारं फार तर मोफत उपचाराचं कार्ड काढून मोकळी होतात. सेनेगलने २००६ मध्ये साठीपुढच्यांसाठी 'प्लॅन सेझाम' आणला. पुष्कळांना योजना असल्याचंच ठाऊक नव्हतं, रुग्णालयांचे पैसे थकले, लाभ झाला तो मुख्यतः शहरातल्या बऱ्या परिस्थितीतल्यांना. कार्डावरचा पैसा घरी येणाऱ्या आरोग्यसेवकावर घालावा, असं माझं मत. मतं मांडा.

आडगल्ली
वाईटपणा मी घेतो. पैसा मोजकाच असेल तर आधी लहान मुलं आणि बाळंतिणी. गोवराच्या लशीने मुलाला पुढची साठ वर्षं मिळतात. पंचाहत्तरीच्या माणसावर तेवढाच खर्च करून किती मिळतात? ७० ची रेघ कुणी दुष्टपणाने आखलेली नाही. कुठेतरी आखावी लागतेच.

पडवी
गोवराची लस आणि रक्तदाबाची गोळी यांतली एकच निवडा, असं कोण म्हणतंय? दोन्ही स्वस्त आहेत. महाग पडतं ते पक्षाघातानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं माणूस. त्याच्यापाशी बसायला घरातलीच कुणी मुलगी नाहीतर सून शाळा किंवा काम सोडते. तो खर्च तुमच्या वहीत कुठे मांडलाय?

फुलस्टॉप
वरच्यांशी सहमत. मोतीबिंदूचंही तेच. साधी शस्त्रक्रिया, पण आजोबांना न्यायला घरातल्या कुणाला तरी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, म्हणून ती राहून जाते.

कडूजहर
पडवीताई, तुमचा मूळ मुद्दा पटतो, उपाय पटत नाही. मी वृद्धांच्या वॉर्डात काम केलंय. खुब्याचं हाड मोडलेली आजी घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेने बरी होत नाही. तिला शस्त्रक्रिया लागते, तीही लवकर. नुसतं पडून राहिली तर न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात. तिथे कार्डच उपयोगी पडतं. सेनेगलमध्ये घोळ झाला तो पैसे वेळेवर न दिल्याने आणि माहिती न पोचवल्याने. त्याचं खापर कार्डाच्या कल्पनेवर का?

दुसरं, घरोघर जाणार कोण? थायलंडमध्ये दहा लाखांहून अधिक गावपातळीवरचे स्वयंसेवक आहेत, त्याचं कौतुक सगळे करतात. पण 'स्वयंसेवक' हा शब्द नीट वाचा. बहुतेक देशांत हे काम बायका करतात, तुटपुंज्या मानधनावर. लसीकरण त्यांच्याकडे, बाळंतपणाच्या नोंदी त्यांच्याकडे, आता म्हातारेही त्यांच्याकडे. मायेच्या नावाखाली फुकटात काम करून घ्यायची ही जुनी खोड आहे.

पडवी
मानधनाचं मान्य, शंभर टक्के. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. ब्राझीलमध्ये १९९४ पासून कुटुंब आरोग्य कार्यक्रम आहे. तिथले आरोग्यसेवक पगारी आहेत, ठरलेली घरं त्यांच्याकडे असतात आणि दर महिन्याला फेरी मारायची असते. मला तसं हवंय. खुब्याचं म्हणाल तर, ती आजी पडली कशामुळे? अंधुक दिसत होतं? गोळ्यांनी चक्कर येत होती? हे घरी येणाऱ्यालाच दिसेल.

कडूजहर
दिसेल. आणि तरीही काही आज्या पडतीलच. त्यांचं काय करायचं, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

उनाडखोर
दोघंही दवाखान्याभोवतीच फिरताय. म्हाताऱ्याच्या हातात थेट पैसे द्या. लेसोथोसारख्या गरीब देशाने २००४ मध्ये ७० वर्षांवरच्यांना सरकारी पेन्शन सुरू केलं. गाडीभाडं आणि औषध कुठून आणायचं ते त्यांचं ते बघतील.

फुलस्टॉप
आणि घरच्यांनी ते काढून घेतलं तर?

उनाडखोर
काही घरांत घेतील. पण पैसे आणणाऱ्या म्हातारीला दवाखान्यात न्यायला माणूस मिळतो, एवढं मी पाहिलंय.

आडगल्ली
लेसोथोची रेघही ७० लाच आहे हं. फक्त तिथे ती सुरुवातीची आहे.

पडवी
हे मात्र खरं. कडूजहर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आत्ता अर्धंच आहे: जिल्हा रुग्णालयात हाडांचा डॉक्टर हवा आणि तिथवर न्यायला गाडी. कार्ड त्यानंतर. उरलेलं अर्धं लिहिते सावकाश.