टांगाईल १९७१ : छत्रीने उतरलेली पलटण एकत्र कशी येते?

ओंकार_कागल
१९७१च्या बांगलादेश युद्धात आजोबा जंगी पलटणीत, म्हणजे १ मराठात (मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण) होते. ‘२ पॅरा वरून उतरली, आम्ही जमिनीवरून जाऊन मिळालो,’ एवढंच सांगायचे. २ पॅरा म्हणजे विमानातून छत्रीने (पॅराशूटने) उतरणारी पलटण, ती ढाक्याच्या वाटेवरच्या टांगाईलला उतरली. मला कळत नाही ते हे: तिन्हीसांजेला, शत्रूच्या पाठीमागे सातशेच्या आसपास माणसं विखरून पडली. मग ती लगेच पुलावर कशी चालून गेली?

सह्याद्री_७
तारीख ११ डिसेंबर. मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ९३ ब्रिगेडला लोहाजंग नदीवरच्या पुंगली पुलाशी अडवायचं होतं. कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू, महावीरचक्र. २ पॅरा ही मूळची ३ मराठा, म्हणजे खालून येणारे आणि वरून उतरणारे दोघेही आपलेच.

माजी_पॅरा_हवालदार
ओंकार, मी नंतरच्या काळातला, पण जंप मारायची रीत तीच. स्टॅटिक लाइनचा हूक विमानातल्या तारेला अडकवलेला असतो, उडी मारली की छत्री आपोआप उघडते. उंची हजार-बाराशे फूट. दारात एखादा सेकंदभर अडखळला, तर खाली पन्नास-साठ मीटरचं अंतर पडतं. पण माणसं पडतात ती विमानाच्या वाटेवर, एका ओळीत. म्हणून पहिल्याने उतरलेला विमान गेलं त्या दिशेने चालतो, शेवटचा उलट्या दिशेने, आणि मधले जागेवर थांबतात. हे आग्ऱ्याच्या पॅरा प्रशिक्षण शाळेत इतकं घोटून घेतात की अंधारातही पाय आपसूक वळतात.

अवघड जातं ते सामान. टांगाईलला काही जड सामान तळ्यांत पडलं. ते बाहेर काढायला आणि वाहून न्यायला गावकरी धावले. कॅप्टन पी. के. घोष आधीच तिथे पोचून कादेर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीबरोबर (बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिक) उतरायची जागा हेरत होते. माझ्या मते त्या दिवशीचं निम्मं श्रेय या लोकांचं आहे, आणि आपल्याकडे ते फार कमी बोललं जातं.

वाचक_नाशिक
पण बरीचशी ब्रिगेड आधीच पूल ओलांडून गेली होती ना?

माजी_पॅरा_हवालदार
बरेच निसटले, खरं आहे. मागे राहिलेल्यांनी रात्री पूल परत घ्यायला हल्ले केले, ते पलटणीने मोडून काढले. ढाक्याची वाट मोकळी झाली आणि १६ डिसेंबरला २ पॅराच सगळ्यांत आधी शहरात शिरली. ओंकार, आजोबा जमालपूरच्या लढाईत होते का? घरी त्यांची कागदपत्रं असतील तर बघ आणि इथे लिही.