रग्बी विश्वचषक 2023 : उपांत्य फेरीतला एका गुणाचा निकाल आणि अंतिम सामन्याचे अंदाज

पुणेरी_फुलबॅक (प्रश्न)
शनिवारी, 21 ऑक्टोबरला, पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्स मैदानावर दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला 16-15 असे हरवले. सत्तर मिनिटे होत आली तरी आफ्रिका 15-6 अशी मागे होती, आणि भर पावसात इंग्लंडने उंच किकांचा जो मारा चालवला होता त्यावर तिला उपाय सापडत नव्हता. आदल्या रात्री न्यूझीलंडने मात्र अर्जेंटिनाचा 44-6 असा फडशा पाडला. आफ्रिकेचा विजय आपण दैवाच्या खात्यावर टाकाल की कर्तृत्वाच्या? आणि दोघांच्याही नावावर प्रत्येकी तीन विश्वचषक असताना 28 तारखेच्या अंतिम सामन्यात चौथा कोण पटकावेल?

स्क्रमचा_खांब
दैवाचा यात फारसा संबंध नाही. हा विजय राखीव बाकावरून आला. प्रशिक्षकांनी मॅनी लिबॉकला 31व्या मिनिटालाच माघारी बोलावले, ही त्या तरुणावर अंमळ कठोर कारवाई होती, पण त्याच्या जागी आलेल्या हान्द्रे पोलार्डनेच सामना जिंकून दिला. पोलार्ड मूळ चमूत नव्हता. हूकर (पुढच्या फळीच्या मधोमध खेळणारा) माल्कम मार्क्स जायबंदी झाला म्हणून त्याला बोलावणे गेले. उत्तरार्धात ऑक्स न्चे उतरला आणि तोवर तुल्यबळ वाटणारा इंग्लंडचा स्क्रम (दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना रेटत चेंडूसाठी झुंजतात तो डाव) मागे रेटला जाऊ लागला. राखीव आर. जी. स्नायमनने ट्राय केला (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून पाच गुण), पोलार्डने किक मारून त्याला दोन गुणांची जोड दिली, आणि अखेरीस स्क्रममध्येच मिळालेल्या पेनल्टीवर त्याने सुमारे 49 मीटरवरून, ओल्या मैदानावर, चेंडू दोन खांबांमधून सरळ पाठवला. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सलाही याच संघाने 29-28 असे एका गुणाने हरवले होते, हे विसरू नये. माझे मत आफ्रिकेला.

टेम्सकाठचा_मराठी
इथे माझ्या इंग्रज सहकाऱ्यांचे चेहरे अजून उतरलेले आहेत. तरीही मान्य करावे लागेल की आमच्या संघाने एकही ट्राय केला नाही. पंधराच्या पंधरा गुण ओवेन फॅरेलच्या बुटातून आले, चार पेनल्टी आणि एक ड्रॉप गोल (खेळ चालू असताना टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक), प्रत्येकी तीन गुणांचे, आणि केवळ किकांवर उभारलेली आघाडी एका ट्रायने डळमळते. अंतिम सामन्यात मी न्यूझीलंडच्या बाजूने आहे. विल जॉर्डनने अर्जेंटिनाविरुद्ध तीन ट्राय करून स्पर्धेतील आपली संख्या आठवर नेली आणि लोमू, हबाना व ज्युलियन सावेआ यांच्या एका विश्वचषकातील सर्वाधिक ट्रायच्या विक्रमाशी बरोबरी केली. शिवाय न्यूझीलंडला एक दिवस जास्त विश्रांती मिळाली आहे, तर आफ्रिकेच्या अंगावर लागोपाठ दोन जीवघेण्या झुंजींचा शीण आहे.

पुणेरी_फुलबॅक
पण ऑगस्टमध्ये लंडनच्या ट्विकनमवर आफ्रिकेने याच न्यूझीलंडला 35-7 असे लोळवले होते, त्याचे काय? (सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होईल. अनायासे कोजागरी आहे, त्यामुळे जागरणाचा जाब घरी कोणी विचारणार नाही.)

लाइनआउटवाला
त्या निकालावर विसंबू नका. स्कॉट बॅरेटला पूर्वार्धातच लाल कार्ड दाखवून बाहेर काढल्यामुळे न्यूझीलंड बराच काळ पंधराऐवजी चौदा जणांनिशी खेळत होता. तसेच 44-6 या आकड्यानेही हुरळून जाऊ नये, कारण न्यूझीलंडची खरी परीक्षा उपांत्यपूर्व फेरीत आयर्लंडविरुद्ध झाली. अखेरच्या क्षणी आयर्लंडचे, चेंडू न गमावता चालवलेले, सलग 37 टप्प्यांचे आक्रमण त्यांनी थोपवले आणि सॅम व्हाइटलॉकने चेंडूवर झडप घालून पेनल्टी मिळवली, तेव्हा कुठे 28-24 असा निभाव लागला.

मला धास्ती आफ्रिकेच्या हूकरची वाटते. मार्क्स गेल्यापासून बोंगी एम्बोनाम्बी हा एकच निष्णात हूकर उरला आहे, आणि त्याच्यामागे उभा असलेला डेऑन फूरी प्रामुख्याने फ्लँकर (स्क्रमच्या कडेला खेळणारा) आहे. एम्बोनाम्बीला लवकर बाहेर जावे लागले, तर लाइनआउटमधली (चेंडू सीमेबाहेर गेल्यावर तो आत टाकण्याची) फेक, जी हूकरच करतो, बिघडेल आणि आफ्रिकेचा निम्मा डाव तिथेच विस्कटेल. दुसरीकडे, न्यूझीलंडने स्वतःच्या अर्ध्यात पेनल्टी दिल्या, तर पोलार्ड त्यांचे गुण केल्याशिवाय राहणार नाही; त्याला पन्नास मीटरही दूर वाटत नाहीत. ट्राय न्यूझीलंडचे जास्त होतील, पण सामना आफ्रिका तीनपेक्षा कमी गुणांच्या फरकाने जिंकेल, असा माझा अंदाज आहे.

टेम्सकाठचा_मराठी
फरकाबाबत सहमत, विजेत्याबाबत नाही. न्यूझीलंड, 20-18.