नव्या एसयूव्हीचे ब्रेक आणि लेमन लॉ: ‘डीलर सांभाळून घेईल’ या सल्ल्याला उत्तर

सनीवेलकर:
कालच्या एसयूव्हीच्या चर्चेत बापूंनी चार वाक्यांत निकाल लावून टाकला. नव्या गाड्यांच्या ब्रेकबद्दल लोक उगाच ओरडतात, सॉफ्टवेअर अपडेट घेतलं की काम होतं, लेमन लॉ (वारंवार दुरुस्त करूनही दोष न जाणारी गाडी कंपनीला परत घ्यायला किंवा बदलून द्यायला लावणारा अमेरिकेतला कायदा) हा वकिलांचा धंदा आहे, डीलरशी गोड बोला म्हणजे तो सांभाळून घेईल. यावर विसंबून कोणी थांबून राहिलं तर त्याचं खरोखर नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ‘उगाच ओरडतात’चं बघू. सप्टेंबर २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने जगभरातल्या पंधरा लाख गाड्यांमध्ये दोष असू शकतो असं जाहीर केलं. कारण कॉन्टिनेंटलकडून आलेलं इंटिग्रेटेड ब्रेक युनिट. एक्स१, एक्स५, एक्स७ सगळ्या त्यात. होंडाने २०२३ मध्ये पायलट, पासपोर्ट, रिजलाइन वगैरे मिळून सव्वा लाखाच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, कारण मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक फ्लुइडला देणारा भाग) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) जोडणाऱ्या टाय रॉडचे फास्टनर कारखान्यातच नीट बसवलेले नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये फोर्डने ब्रॉन्को, एक्स्पिडिशन, नॅव्हिगेटर, एफ-१५० आणि रेंजर मिळून तीन लाख बारा हजार गाड्या रिकॉल केल्या, कारण चालत्या गाडीत इलेक्ट्रॉनिक बूस्टरचा असिस्ट जाऊ शकतो. यातलं काही कोणाच्या मनाचा खेळ नाही.

आता कायदा. कॅलिफोर्नियात गाडी घेतल्यापासून १८ महिने किंवा १८,००० मैल, जे आधी होईल त्याच्या आत, जीवावर बेतेल किंवा गंभीर इजा होईल असा दोष दोन खेपांत दुरुस्त झाला नाही, तर कंपनीला वाजवी संधी मिळून गेली असं धरलं जातं. इतर दोषांना चार खेपा लागतात. किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये पडलेली असावी. ब्रेक पहिल्या गटात मोडतात. म्हणजे तिसऱ्यांदा गोड बोलायला जाण्याआधी कंपनीला लेखी पत्र गेलेलं असायला हवं. डीलरला नव्हे, कंपनीला. दोन किंवा चार खेपांचा आधार घ्यायचा तर, वॉरंटी पुस्तिकेत तसं कलम असेल तेव्हा, थेट निर्मात्याला एकदा तरी कळवलेलं लागतं. बहुतेक लोक नेमके इथेच अडकतात.

बापू_बे_एरिया:
सनीवेलकर, रिकॉल आणि लेमन यांची तुम्ही सरमिसळ करताय. रिकॉल निघाला, दुरुस्ती झाली, दोष गेला, मग गाडी लेमन कशी? आणि १८ महिने ही काही मुदत नाही. तो फक्त गृहीतकाचा काळ आहे. नंतर दोष निघाला तरी वॉरंटीत असेल तर दावा करता येतो, फक्त खेपा पुरेशा झाल्या हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. अर्धी माहिती देऊन लोकांना घाबरवू नका.

दुसरं म्हणजे, बूस्टर गेलं म्हणजे ब्रेक गेले असं होत नाही. हायड्रॉलिक जोडणी शाबूत असते. पायाने जोर लावला की गाडी थांबते.

सनीवेलकर:
गृहीतकाबद्दल तुमचं बरोबर आहे, तेवढं मान्य.

बूस्टरबद्दल मात्र अजिबात नाही. अमेरिकेचं फेडरल ब्रेक मानक, १३५ क्रमांकाचं, काय म्हणतं बघा. ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला थंड ब्रेकवर ७० मीटर. बूस्टर निकामी असेल तर १६८ मीटर चालतात, आणि तेही पेडलवर ५०० न्यूटनपर्यंत जोर धरून. म्हणजे साधारण पन्नास किलोचा भार एका पायाने. ‘गाडी थांबते’ हे खरं, पण जवळपास शंभर मीटर पुढे जाऊन थांबते. फ्रीवेवर पुढची रांग अचानक थांबली तर ते शंभर मीटर कुठून आणायचे?

टॉर्करेंच:
मुद्दा बूस्टरवर गेलाय, पण वर्कशॉपमध्ये ब्रेकच्या ज्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच थरथरीच्या असतात. ताशी ६० मैलांवर ब्रेक लावला की स्टिअरिंग हलतं, आणि मालक म्हणतो रोटर (चाकामागची ब्रेकची तबकडी) वाकला. रोटर सहसा वाकलेला नसतो. त्याची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. दीड-दोन शतांश मिलिमीटरचा फरक पायाला जाणवतो. तो येतो रनआउटमधून, म्हणजे रोटर फिरताना डुगडुगतो त्यातून: हबवर (रोटर आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) गंज आहे, त्यावर नवा रोटर तसाच बसवला, वर व्हीलचे नट इम्पॅक्ट गनने मन मानेल तसे आवळले. रोटर तिरका फिरतो, प्रत्येक फेरीत पॅड एकाच जागी घासतो, आणि काही हजार मैलांनी थरथर सुरू. मग पुन्हा नवे रोटर, पुन्हा तीच गन, पुन्हा तेच.

योग्य पद्धत: हबचा रोटर टेकतो तो पृष्ठभाग वायर ब्रशने गंजमुक्त करायचा, रोटर बसवून सगळे नट वॉशर घालून ठरलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळायचे, डायल इंडिकेटर (सूक्ष्म हालचाल मोजणारं घड्याळी माप) लावून कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत रनआउट मोजायचा. ०.०५ मिलिमीटरच्या वर गेला तर रोटर एक-एक नट पुढे फिरवून पुन्हा मोजायचा. तरी उतरला नाही तर करेक्शन शिम (मध्ये घालायची पातळ चकती) किंवा रोटर गाडीवरच घासून सपाट करणं. होंडा सीआर-व्हीला नटाचा टॉर्क १०८ न्यूटन-मीटर आहे. गनने तो सहज दीडपट होतो. यात कंपनीचा दोष कुठे आला?

एडिसनवासी:
टॉर्करेंच, हे सगळं बरोबर असेल, पण वॉरंटीतल्या गाडीला हात कोण लावतो? अधिकृत डीलरच ना? त्याच्या टेक्निशियनने गनने नट आवळले तर ती कंपनीच्या वतीने झालेली दुरुस्ती. दुरुस्तीची खेप मोजली जाते, खेप फसली तर ती कंपनीची फसली.

टॉर्करेंच:
टायर बदलायला लोक अधिकृत डीलरकडे जात नाहीत. जिथे स्वस्त असेल तिथे जातात, आणि नट तिथेच आवळले जातात. मग सहा महिन्यांनी थरथरीची तक्रार घेऊन डीलरकडे. डीलरने ‘बाहेरच्या कामामुळे’ असं लिहिलं तर त्याचं काय चुकलं?

बापू_बे_एरिया:
हेच मी कालपासून सांगतोय. पॅड आणि रोटर झिजणारे भाग आहेत.

एडिसनवासी:
नाही, हे ‘झिजणारे भाग’ प्रकरण मला अजिबात पटत नाही. डीलर हा शब्द ढालीसारखा वापरतात. पॅड झिजणं वेगळं आणि आठ हजार मैलांवर स्टिअरिंग हातातून थरथरणं वेगळं. कॅलिपरची (पॅड रोटरवर दाबणारा भाग) स्लाइड पिन अडकली, तर आतला पॅड संपतो आणि बाहेरचा जवळपास नवाच राहतो. तो झिजेचा प्रश्न आहे का? पिन सुकी आली, बूट फाटका आला, तर तो जुळणीचा दोष. टॉर्करेंच, तुम्ही स्वतः सांगा, दोन्ही पॅडची जाडी मोजून रिपेअर ऑर्डरवर कोण लिहितं?

टॉर्करेंच:
लिहायला पाहिजे. चारही चाकं, आतला-बाहेरचा पॅड वेगवेगळा, मिलिमीटरमध्ये. एका बाजूच्या दोन पॅडमध्ये दोन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर पिन किंवा पिस्टन बघायलाच हवा. हे कोणी मागत नाही म्हणून कोणी लिहीत नाही. तुम्ही मागा. आणि टायर बदलून आलात की घरी साध्या टॉर्करेंचने नट एकदा ढिले करून पुन्हा टॉर्कवर आवळा, ताऱ्याच्या क्रमाने. मग बाहेरच्या कामाचं बोट तुमच्याकडे कोणी दाखवणार नाही.

सनीवेलकर:
थरथरीवर इतकं बोलून झालं, पण ज्यात जीव जातो ते पेडल राहून गेलं.

सिग्नलला उभे असताना पाय हलक्या, एकसारख्या दाबाने ठेवा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं आणि टाकीतलं फ्लुइड तेवढंच राहिलं, तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवरून फ्लुइड मागे निसटतंय. पेडल लिबलिबीत असेल आणि दोन-तीनदा मारल्यावर घट्ट होत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, तर बूस्टर. या तिन्ही तक्रारी वेगळ्या आहेत आणि रिपेअर ऑर्डरवर वेगळ्याच लिहिल्या गेल्या पाहिजेत.

टॉर्करेंच:
एक दुरुस्ती. नव्या वन-बॉक्स युनिटमध्ये (मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि एबीएस एकाच डब्यात) पेडल थेट चाकाशी बोलत नाही, पायाला जाणवतो तो सिम्युलेटरचा दाब. तिथे पेडल बसण्याची ही परीक्षा लागू होत नाही, फॉल्ट कोडच वाचावा लागतो. आणि एबीएस मॉड्यूलमध्ये हवा अडकली तर हाताने ब्लीड करून (लाइनमधली हवा बाहेर काढून) निघत नाही. स्कॅन टूलने मॉड्यूलचे व्हॉल्व्ह आणि पंप चालवूनच काढावी लागते. पहिल्या दुरुस्तीनंतर पेडल लिबलिबीत राहण्याचं हे नेहमीचं कारण.

सनीवेलकर:
हे बरोबर आहे, मी जुन्या पद्धतीच्या ब्रेकबद्दल लिहिलं होतं.

मग कागदाचं बोलू. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर ‘ब्रेक तपासा’ असं लिहितो. तेवढ्यावर सही करू नका. ‘ताशी ४५ मैलांवरून उतारावर थांबताना पेडल नेहमीपेक्षा दीड इंच खाली जातं, ब्रेकचा लाल दिवा दोन सेकंद लागतो, गाडी तापलेली असताना’ असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या. दुसऱ्या खेपेला तेच शब्द. वेगळे शब्द पडले की कंपनी म्हणते, ही वेगळी तक्रार, पहिलीच खेप. सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी साठलेले कोड आणि फ्रीझ फ्रेमची (दोष आला त्या क्षणीच्या नोंदींची) प्रिंट मागा. अपडेटनंतर ते पुसले जाऊ शकतात. गाडी दिली तो दिवस, परत मिळाली तो दिवस आणि ओडोमीटर, तिन्ही कागदावर हवेत. ३० दिवसांची मोजणी त्यावरूनच होते.

बापू_बे_एरिया:
आणि टेक्निशियनला दोष आढळलाच नाही तर? ‘कुड नॉट डुप्लिकेट’ (तक्रार पुन्हा दिसली नाही) लिहून गाडी परत देतात. ती खेप तुम्ही मोजणार?

सनीवेलकर:
मोजणारच. कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने २००१ मध्येच सांगितलंय की मालकाचं काम गाडी दुरुस्तीसाठी हजर करणं एवढंच. दोष शोधणं हे त्याचं काम नाही. शोधता आला नाही म्हणून ती संधी गेली नाही असं कंपनीला म्हणता येत नाही. दोष ठरावीक वेळीच येत असेल तर टेक्निशियनला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर न्या आणि ती राइड रिपेअर ऑर्डरवर लिहून घ्या.

एडिसनवासी:
कॅलिफोर्नियाचे नियम सगळ्या देशाला लावू नका. न्यू जर्सीत २४ महिने किंवा २४,००० मैल, तीन खेपा किंवा २० दिवस. जीवघेणा दोष असेल तर एकच खेप. मात्र त्यानंतर सर्टिफाइड पोस्टाने पत्र पाठवून कंपनीला शेवटची संधी द्यायची, तिला दहा दिवस. टेक्सासमध्ये तर राज्याच्या मोटार वाहन खात्याकडेच ३५ डॉलर भरून तक्रार करायची, वकिलाची सक्ती नाही. ज्याला बापू ‘वकिलांचा धंदा’ म्हणतात त्यात तिथे वकीलच लागत नाही!

बापू_बे_एरिया:
टेक्सासचं असेल. कॅलिफोर्नियात खटल्यांचा पूर आला म्हणूनच २०२४ मध्ये एबी १७५५ हा नवा कायदा आणावा लागला ना? आणि २०२५ मध्ये एसबी २६ या कायद्याने तो कंपन्यांसाठी ऐच्छिक केला. जीएम, फोर्ड, स्टेलांटिस त्यात गेल्या. त्यांच्या ग्राहकाला दुप्पट दंड मागायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, कंपनीला ३० दिवस उत्तराला, ६० दिवसांत गाडी परत घेण्याचं काम पूर्ण. नोटिशीनंतर ३० दिवस गाडी ताब्यात ठेवायची. रागाच्या भरात विकली तर दंडाचा हक्क गेला. दाव्याला मुदतही आली, वॉरंटी संपल्यापासून एक वर्ष आणि डिलिव्हरीपासून जास्तीत जास्त सहा. हे तुम्ही कोणीच सांगत नाही.

सनीवेलकर:
हे सांगितलंत ते चांगलं झालं. कुठली कंपनी या यादीत आहे ते आधी बघावं, राज्याच्या ग्राहक खात्याने ती जाहीर केलीय. आणखी एक: ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने ठरवलं की उरलेल्या वॉरंटीवर घेतलेली जुनी गाडी ही नव्या गाडीच्या हक्कांत बसत नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी या कायद्यावर फार भिस्त ठेवू नये. दाराच्या चौकटीवर लेमन बायबॅकचं (कंपनीने परत घेतलेल्या गाडीचं) स्टिकर आणि टायटलवर (मालकीच्या कागदावर) तसा शिक्का आहे का, एवढं तरी बघावं.

पैशाचं गणितही लिहून ठेवतो. पहिल्यांदा तक्रार घेऊन गेलात तेव्हाचे मैल भागिले १,२०,००० गुणिले किंमत, एवढंच वजा होतं. ४८,००० डॉलरची गाडी, पहिली खेप ६,००० मैलांवर, तर वजावट २,४०० डॉलर. टॅक्स आणि रजिस्ट्रेशन परत मिळतं. पहिली खेप लांबवली की ही वजावट वाढत जाते. म्हणून पहिला संशय आला की लगेच जा.

कोथरूडकर:
तुमच्याकडे भांडायला कायदा तरी आहे. इथे भारतात लेमन लॉच नाही. ३० लाखांच्या एसयूव्हीचं पेडल बसतं आणि जॉब कार्डवर ‘नॉर्मल कॅरेक्टरिस्टिक’ लिहून मिळतं. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये मारुतीच्या क्लचच्या प्रकरणात सांगून टाकलंय की वॉरंटी भाग बदलण्याची असेल तर भाग बदला, अख्खी गाडी नाही. मग करायचं काय?

एडिसनवासी:
२०२२ चा क्रेटाच्या एअरबॅगचा निकाल का विसरता? तिथे सुप्रीम कोर्टाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम केला आणि धडकेचा जोर मोजणं हे ग्राहकाचं काम नाही असं सांगितलं. सुरक्षेच्या भागात कोर्ट वेगळं बघतं.

कोथरूडकर:
बघतं, पण अपघातानंतर. ब्रेकमध्ये तोवर थांबायचं का?

टॉर्करेंच:
थांबू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ३८ वाचा. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर ग्राहक आयोग ती वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो, त्यासाठीचा अर्ज तक्रारीसोबतच करा. तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून कितीतरी तक्रारी पडतात. मोजलेले आकडे जोडा: पॅडची जाडी, रनआउट, कोडची प्रिंट. ३० लाखांची गाडी जिल्हा आयोगात बसते, तिथली मर्यादा तुम्ही मोजलेल्या किमतीवर ५० लाखांपर्यंत आहे, फी १,००० रुपये, मुदत दोन वर्षं. आणि डीलर व कंपनी दोघांनाही पक्षकार करा. गोव्यातल्या एका प्रकरणात डीलरने जुन्या सालची गाडी गळ्यात मारली होती, पण कंपनीला त्याची माहिती होती हे दाखवता आलं नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सला मोकळं सोडलं. कंपनीला थेट ईमेल गेलेला असेल तर तिला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

बापू_बे_एरिया:
ठीक आहे. डीलरशी नीट बोलण्यात गैर काही नाही, या मतावर मी कायम आहे. पण पहिल्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावं, एवढं मान्य करतो. नोटीस कोणत्या पत्त्यावर द्यायची ते वॉरंटी पुस्तिकेत असतं, डीलरला विचारत बसू नका. आणि विन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या अमेरिकेच्या वाहन सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकून रिकॉल उघडा (दुरुस्ती बाकी असलेला) आहे का हे आजच बघा.

सनीवेलकर:
उघडा रिकॉल असेल आणि पार्ट आलेला नसेल, तर ‘पार्ट उपलब्ध नाही’ हे तारखेसकट रिपेअर ऑर्डरवर लिहून घ्या. गाडी तिथेच ठेवून घेतली तर प्रत्येक दिवस त्या ३० मध्ये धरा.