मुलांची नेत्रतपासणी : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

तक्ता, मलम, पट्टी, चष्मा. ज्यांच्या हातून हे काम होतं त्यांनी नेमकं लिहा.

प्राथमिक शिक्षिका, पाटण
सहा मीटरचा तक्ता तीन मीटरवर टांगू नका. अक्षर दुप्पट मोठं दिसतं आणि अधू डोळ्याचं पोर पास होतं. वर्ग आखूड असेल तर व्हरांड्यात टेपने मोजा, खडूची रेघ मारा, टाचा रेघेवर. उजेड तक्त्यावर हवा, तक्त्यामागून नको. रांग दाराबाहेर ठेवा, आतली मुलं ओळी पाठ करतात. पहिलीला ई-तक्ता घ्या, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या इंग्रजी E चा. पुठ्ठ्याचा ई हातात देऊन दांड्यांची दिशा फिरवून दाखवायला सांगा. डोळा तळहाताच्या खळग्याने झाकायचा. बोटांच्या फटीतून मुलं बघतात, आणि दाबून धरला तर नंतर त्या डोळ्याची पाळी आली की धूसर दिसतं. डोळे बारीक करून वाचलं तर शेरा लिहाच, दोष त्यातच लपतो.

नेत्रचिकित्सा अधिकारी, सांगली
एक डोळा ६/६ (चांगला), दुसरा ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणारा) असं मूल खेळताना कुठेच अडत नाही. म्हणून ‘त्याला सगळं दिसतं’ यावर थांबू नये.

लहान मुलाचा नंबर बाहुली मोठी करणाऱ्या मलम किंवा थेंबांशिवाय काढू नये. मूल डोळ्यावर जोर देतं, प्लस नंबर लपतो, नसलेला मायनस दिसतो. अ‍ॅट्रोपीनचं १ टक्का मलम साधारण ३ दिवस, दिवसातून २ वेळा देतात. तपासणीच्या सकाळी लावू नका, डोळ्यावर थर राहतो. लावल्यावर हात धुवा. चेहरा लाल झाला, ताप आला, तोंड कोरडं पडलं तर मलम बंद करून लगेच डॉक्टरांना विचारा. जवळचं धूसर दिसणं १०-१४ दिवस राहू शकतं, तेव्हा परीक्षेच्या तोंडावर तारीख घेऊ नका.

आळशी डोळ्यासाठी (चष्मा लावूनही नीट न दिसणारा डोळा) पट्टी चांगल्या डोळ्यावर, कातडीला चिकटणारी. चष्म्याच्या काचेवर लावली की मूल कडेने बघतं. मध्यम दोषाला रोज २ तास, मोठ्याला ६. सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाली तर गुण चांगला.

चष्मेवाले, मिरज
वाढत्या अंगाची फ्रेम घेऊ नका. नाकावरून घसरते, मूल वरून बघतं. काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकची घ्या.

आरोग्यसेविका, वाळवा
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. ऊसतोडीची पोरं दिवाळीनंतर येतात, पथक आधी येऊन गेलं तर ती तपासणीविना राहतात. तक्ता घेऊन कोप्यांवर (ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर) जावं लागतं, तेही उजेड असताना. बाहुलीत पांढरी झाक दिसली तर शिबिराची वाट बघू नका. डोळ्याचा कर्करोगही असू शकतो. त्याच दिवशी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा.