लाटेकमध्ये जपानी उतारा समासाबाहेर जातोय, फॉण्ट बदलू का?

शाईचा_डाग: मंडळी, लाटेकमध्ये (छपाईसाठी मजकूर मांडायचं सॉफ्टवेअर) एक पुस्तक लावतेय, मूळ मजकूर इंग्रजी पण मधेमधे जपानी आणि चिनी उतारे आहेत. आधी नुसते चौकोन यायचे, मग झीटेकवर (लाटेक चालवणारं दुसरं इंजिन) गेले, फॉण्ट टाकला, अक्षरं दिसली, वाटलं झालं काम. पण आता ओळ तुटतच नाही, उतारा सरळ कागदाबाहेर. प्रत्येक अक्षरानंतर हाताने स्पेस दिली तर तुटते, पण मग सगळं विरळ दिसतं आणि कधी पूर्णविरामच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येऊन बसतो. दोन दिवस गेले यात.

जुळारी: फॉण्टचा दोष नाही हो. टेक, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्राम, ओळ तोडतं ती स्पेसवर नाहीतर हायफनवर, आणि समासाला भिडवायला ताणतं तीही स्पेसच. जपानी-चिनीत शब्दांमधे स्पेस नसतेच, म्हणून अख्खा उतारा त्याला एकच लांबलचक शब्द वाटतो. हाताने दिलेल्या स्पेसा आधी काढा. मग त्या उताऱ्यापुरतं लाइनब्रेक लोकेल (ओळ कुठल्या भाषेच्या नियमांनी तोडायची ती सेटिंग) जपानी करा आणि लाइनब्रेक स्किपला (तुटू शकेल तिथे सोडायची फट) शून्य रुंदीचा पण थोडा ताणणारा ग्लू, म्हणजे लवचीक मोकळी जागा, द्या. फट दिसत नाही पण तुटायला जागा मिळते. पूर्णविराम, बंद कंस ओळीच्या सुरुवातीला नकोत, उघडा कंस शेवटी नको, या नियमांना जपानीत किन्सोकु म्हणतात, लोकेल दिलं की ते बरंचसं सांभाळलं जातं.

अर्धा_एम: थोडी भर घालतो. जपानी पूर्णविरामाला अख्ख्या अक्षराएवढी चौकट असते पण शाई अर्ध्यातच, त्यामुळे त्याला लागून बंद कंस आला की मधे भोक पडतं, ते कापावं लागतं. नुसत्या लोकेलने हे होत नाही. जपानी मजकूर जास्त असेल तर लुआटेक-जेए (लुआटेक इंजिनासाठीचं जपानी मांडणीचं पॅकेज) घ्या, खरंच. जुन्या टेकच्या एका फॉण्टमध्ये २५६च अक्षरं मावायची आणि अक्षरांच्या जपानी मानकात कांजीच (चिनीतून आलेली अक्षरं) सहा हजारांवर, शिवाय वरून खाली जाणारी उभी मांडणी, म्हणून तर जपानमध्ये ॲस्की कंपनीने इंजिनातच बदल करून पीटेक काढलं.

शाईचा_डाग: ओळी तुटल्या! खूप आभार दोघांचे. पण चिनी उतारे तपासणाऱ्या बाई म्हणतात काही अक्षरं जपानी वळणाची आहेत, उदाहरणार्थ 'हाड' या अर्थाचं.

जुळारी: बरोबर म्हणतायत त्या. त्या अक्षराच्या डोक्यातला छोटा कोपरा जपानीत उजवीकडे, चीनच्या सरलीकृत छपाईत डावीकडे, पण युनिकोडने (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणारं मानक) दोघांना एकच कोड दिलाय. कुठलं रूप काढायचं ते फॉण्टवर आणि भाषेवर ठरतं. नोटो सेरिफ सीजेके हा चिनी-जपानी-कोरियन फॉण्ट वापरत असाल तर जपानीला जेपी, चिनीला एससी असे दोन वेगळे फॉण्ट जाहीर करा आणि प्रत्येक उताऱ्याला त्याची भाषा लावा, अगदी एका शब्दाचा असला तरी.