मदत हवी आहे: एकच टीव्ही, मामांच्या बातम्या, ह्यांची मॅच आणि लेकीची दहावी

जुळेसोलापूरकरीण

नमस्कार मंडळी,

प्रश्न घरगुती आहे. हसू आलं तर हसा, पण उत्तर द्या.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दोन बेडरूम, एक हॉल, सहा माणसं आणि टीव्ही एकच. मामा (माझे सासरे, वय ७४), आत्या (सासूबाई), आम्ही दोघं, लेक दहावीला, धाकटा सहावीत. लेकीची बोर्डाची परीक्षा यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, २० फेब्रुवारीला सुरू होतेय. टी-ट्वेंटी वर्ल्डकप ७ फेब्रुवारीला. आणि त्याच्या आधी महापालिका, १५ जानेवारीला मतदान आणि १६ ला मोजणी. म्हणजे मामांचा सीझन सुरू झालेलाच आहे.

मामा सकाळी ‘संचार’ पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत वाचतात. दुपारी त्याच बातम्या टीव्हीवर. संध्याकाळी चर्चा, म्हणजे चौकटीत चौघं आणि चौघंही एकदम बोलणार. आवाज इतका की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की आमच्या प्रभागात कोण पडणार ते मला सांगतात. आमच्याच टीव्हीवर ऐकलेलं असतं.

हे कामावरून आले की मॅच. मग रिमोटवरून सुरू झालेलं भांडण तिसऱ्याच ठिकाणी पोचतं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची धुराची चिमणी विमानांना अडथळा म्हणून २०२३ च्या जूनमध्ये पाडली, आमच्या हॉलमध्ये ती अजून रोज पडते. मामा म्हणतात, शेतकऱ्याच्या कारखान्यावर घाव घातला. हे म्हणतात, पण विमान आलं की नाही? आलं, आधी गोव्याचं, मग मुंबईचं. त्यावर मामा विचारतात, “तू किती वेळा बसलास?” हे गप्प. मग मामा आवाज आणखी वाढवतात.

आशिया कपच्या फायनलमध्ये पाकिस्तानला हरवूनही आपल्या टीमने त्यांच्या मंत्र्याच्या हातून ट्रॉफी घेतली नाही, तेव्हा तर बातमी आणि मॅच एकच झाली. मामांचं मत, पाकिस्तानशी खेळूच नये. ह्यांचं मत, खेळून हरवायचं. धाकट्याचं मत, मग ट्रॉफी आता कुणाच्या घरी आहे? तेवढा एकच प्रश्न मला पटला.

एकमत झाल्याची एक रात्र आठवते. २ नोव्हेंबर, बायकांच्या वर्ल्डकपची फायनल. पावसामुळे मॅच उशिरा सुरू झाली आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली. आत्यासुद्धा जाग्या. मामांनी त्याआधी बायकांची मॅच कधी पूर्ण पाहिली नव्हती. शफालीच्या ८७ धावा झाल्यावर म्हणाले, “ही पोरगी आधी टीममध्येच नव्हती म्हणतात, मग निवडणारे काय झोपले होते?” दीप्तीने पाच विकेट घेतल्या तेव्हा स्वतः उठून सगळ्यांना पाणी दिलं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसाआड येतं, त्यामुळे मामा तांब्याभर पाणीही हिशोबानं देतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

असो. बेडरूमची भिंत टीव्हीच्या मागेच आहे आणि लेक तिथेच अभ्यासाला बसते. सध्या कानात कापूस घालून भूमिती करते.

तर दुसरा टीव्ही घेऊन मामांच्या खोलीत लावावा? हेडफोन आणावा? की मार्चपर्यंत रिचार्जच करू नये? शेवटचा उपाय आत्यांनी सुचवलाय, पण त्यांच्या मालिकेचं काय करायचं हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

होटगीरोडकर

ताई, रिचार्ज बंद करू नका. आमच्याकडे करून पाहिलंय. सगळे मोबाईलवर बघायला लागतात, एका आवाजाचे पाच आवाज होतात.

वर्ल्डकपची तेवढी भीती नको. परीक्षेआधी भारताचे गटातले चारच सामने आहेत: ७, १२, १५ आणि १८ फेब्रुवारी, सगळे संध्याकाळी सातला. त्यातला पाकिस्तानचा रविवारी, १५ ला, कोलंबोत. तेवढ्या चार संध्याकाळी लेकीला आजोळी किंवा मैत्रिणीकडे पाठवा, नाहीतर तिला सरळ मॅच बघू द्या. चार संध्याकाळींनी कुणी नापास होत नाही. खरी अडचण रोजच्या चर्चेची आहे. ती सोळा तारखेनंतर कमी होईल असं समजू नका, महापौर कोण यावर पुढचे पंधरा दिवस जातात.

सुपर एटचे, म्हणजे पुढच्या फेरीचे, सामने २१ पासून, म्हणजे पेपर सुरू झाल्यावर. तिथे मात्र नवऱ्याला कडक नियम लावा. पेपर सकाळी अकराला असतो, पोरगी रात्री दहाला झोपली पाहिजे.

कडकभाकरी

दुसरा टीव्ही अजिबात नको.

माझ्या माहेरी घेतला होता. वडील आतल्या खोलीत गेले ते गेलेच. जेवणाचं ताट आत, चहा आत. आधी भावाशी भांडायचे तरी, नंतर भांडणही बंद झालं. तुमचे मामा चिमणीवरून रोज वाद घालतात याचा अर्थ ते हॉलमध्ये आहेत, घरात आहेत. राहू द्या तिथंच.

नवीपेठ_बॉय

लै भारी घर आहे की ओ तुमचं! चिमणीवर माझं मत मामांच्या बाजूनं, पण मी गोव्याला विमानानं जाऊन आलो, त्यामुळे गप्प बसतो.

ताई, हे तर काहीच नाही. मार्चअखेर आयपीएल येऊ द्या. आमच्या वाड्यात आम्ही मुंबईवाले, समोरचे तेलुगू बोलणारे हैदराबादवाले आणि आईकडचे सगळे विजापूरचे, म्हणजे बंगळूरची आरसीबी. अठरा वर्षं आम्ही त्यांना चिडवलं. गेल्या जूनमध्ये ते जिंकले तर मामेभावाचा रात्री फोन, “काय करलालास बे? झोपलालास?” त्या रात्री सोलापुरात फटाके वाजले ते कुणाचे हे सांगायला नको.

आणि घरात क्रिकेटवर बोलायचंच असेल तर आपल्या माणसांवर बोला की. अर्शीन कुलकर्णी आपल्या सोलापूरचा. किरण नवगिरे माळशिरस तालुक्यातली, गेल्या ऑक्टोबरात पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकलं, बायकांच्या टी-ट्वेंटीत इतकं वेगवान कुणाचंच नव्हतं. चर्चेच्या कार्यक्रमात तिच्यावर किती मिनिटं बोलले? मामांना हा प्रश्न विचारून बघा. बातमीवाल्यांवर चिडले तर टीव्ही तेच बंद करतील.

जुळेसोलापूरकरीण

@नवीपेठ_बॉय, वाचून दाखवलं. मामा म्हणाले, “पॉली उम्रीगरपण सोलापुरातच जन्मला, तेव्हा कुठं टीव्ही होता?” आणि मग उम्रीगरवर बोलत राहिले. टीव्ही चालूच.

@होटगीरोडकर, तारखा कॅलेंडरवर लिहिल्या. @कडकभाकरी, तुमचं वाचून जरा थांबले. ह्यांनी हप्त्यावर टीव्ही बघून ठेवला होता.

अक्कलकोटची_लेक

ताई, एक विचारू? आवाज आधीपासूनच एवढा असायचा की गेल्या काही वर्षांत वाढत गेला? आणि मामा पूर्वी काय काम करायचे?

जुळेसोलापूरकरीण

वाढत गेलाय. मामा आधी मिलमध्ये मागावर होते. मिल बंद पडल्यावर एका यंत्रमाग कारखान्यात, चादरी आणि टॉवेल. साठी उलटेपर्यंत काम केलं. पण त्याचा इथं काय संबंध?

अक्कलकोटची_लेक

सगळा संबंध तिथंच असू शकतो. मी डॉक्टर नाही, पण माझे वडीलही मागावरच होते आणि त्यांच्या कानाच्या तपासणीला मीच जायचे, म्हणून सांगते.

मागाच्या शेडमध्ये दोन माणसं शेजारी उभी राहिली तरी कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज असेल तर कानाला धोका मानतात, आणि मागाचा खडखडाट त्याच्या बराच वर जातो. वर्षानुवर्षं ते ऐकून आतल्या कानातल्या बारीक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. आधी जातो तो वरच्या पट्टीतला आवाज, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचा. त्यावर वयाची भर. म्हणून माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही. स, श, फ, ख अशी अक्षरं निसटतात. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं आधी सुटतं. मग ते म्हणतात, “नीट बोला, पुटपुटू नका.”

आता विचार करा. चर्चेत चौघं एकदम बोलतात, खाली संगीत चालू असतं. ज्याचे कान चांगले आहेत त्यालाही कळत नाही. मामा आवाज वाढवणारच. मॅचमध्ये स्कोर खाली लिहिलेला असतो, तिथं त्यांना त्रास कमी.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कधीकधी नुसता मळ असतो आणि काढला की निम्मं काम होतं. तसं नसेल तर ऑडिओमेट्री करतात. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही, टोचत नाही, साधारण अर्ध्या तासात होतं. मशीन लागलं तर ते वाण्याच्या दुकानातून आणल्यासारखं आणू नका, तपासणीच्या आलेखाप्रमाणे बसवून घ्यावं लागतं, आणि कानाला सवय व्हायला काही आठवडे जातात. वडिलांनी पहिल्या आठवड्यात काढून कपाटात टाकलं होतं, कारण भांड्यांचा आवाज सहन होईना. पुन्हा जाऊन सेटिंग कमी करून आणलं तेव्हा कुठं लावायला लागले.

विडीघरकुलकर

प्रत्येक गोष्टीत आजार कशाला शोधायचा? म्हाताऱ्या माणसाला बोलायला कुणी नाही म्हणून तो टीव्ही लावतो. सुनेनं अर्धा तास शेजारी बसावं, आवाज आपोआप कमी होईल.

कडकभाकरी

@विडीघरकुलकर, सुनेनंच का? मुलगा बसू दे की. आणि सहा माणसांच्या घरात बोलायला कुणी नाही हे कुठून काढलंत? ती माणसं रोज विमानतळावर भांडतायत.

होटगीरोडकर

तपासणी होईपर्यंत मधला उपाय सांगतो. टीव्हीच्या मागे हेडफोनचं भोक असेल तर लांब वायरचा हेडफोन लावा, बहुतेक टीव्हीत स्पीकर आपोआप बंद होतो. ब्लूटूथवाला घेतलात तर सेटिंगमध्ये बघा, काही टीव्ही दोन्हीकडे आवाज देतात आणि काही देत नाहीत. जुना टीव्ही असेल तर ब्लूटूथ नसेलच, वेगळा डबा लावावा लागतो आणि आवाज ओठांच्या मागे राहतो. मामांना आधीच शब्द कळत नसतील तर ते आणखी वाईट. म्हणून वायरचाच घ्या. कानावर बसणारा, आत खुपसायचा नको. आणि फुल आवाज ठेवू देऊ नका, उरलेला कान जपायचाय.

टीव्ही बेडरूमच्या भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीला लावला तर फुकटात काम होईल, हे कुणी कसं सुचवलं नाही?

जुळेसोलापूरकरीण

समोरच्या भिंतीला देवघर आहे. आत्या ऐकणार नाहीत.

@अक्कलकोटची_लेक, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. “पुटपुटू नका” हे वाक्य आमच्याकडे रोज असतं, आणि ते मला आणि धाकट्यालाच असतं, ह्यांना कधीच नाही. ह्यांचा आवाज जाड आहे. मला वाटायचं मामा सुनेवर डाफरतात.

रात्री ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, बाबांना कान तपासायचं म्हटलं तर ऐकणार नाहीत. मी म्हटलं, ऐकू येत नाही म्हणूनच तर जायचंय. मग आत्यांनीच विषय काढला. मामा आधी चिडले, म्हणाले मला सगळं ऐकू येतं. त्यावर लेक मागून हळूच म्हणाली, “आजोबा, शफालीने शेवटी किती काढल्या?” मामांनी उत्तर दिलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मग म्हणाले, “परीक्षा झाली की जाऊ.”

परीक्षेनंतर नाही, त्याआधीच जायचंय. मतदान आणि मोजणी होऊ दे असं ठरलंय, कारण त्या दोन दिवसांत मामा दवाखान्यात काय, गड्ड्याच्या जत्रेलासुद्धा येणार नाहीत. सतरा तारखेची वेळ घेतलीय. वायरचा हेडफोन ह्यांनी आजच आणला, पण वायर सोफ्यापर्यंत पुरत नाही. जोडवायर कोणती मागायची, कुणी सांगेल का?

नवीपेठ_बॉय

साडेतीन एमएमची एक्स्टेंशन म्हणा, तीन मीटर. एका बाजूला पिन, एका बाजूला भोक. दोन्ही बाजूला पिनवाली देतील, ती घेऊ नका.